रविवारच्या शर्यतीला चिया कधी द्यायचं? (बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सोसायटीचा ग्रुप)

काकू ए-२०४: रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आपल्या पोरांच्या शर्यती आहेत ना, पळायच्या आधी सगळ्यांना चियाचं पाणी देऊया का? ते बारीक बी भिजवून, लिंबू, मध घालून. हल्ली सगळे खेळाडू घेतात. पाव किलोची दोन पाकिटं मी आणून पण ठेवलीत.

खजिनदार: पावती ठेवा काकू. ठराव केळी आणि बिस्किटांचा झाला होता.

सी-४०४ धाकटा: काकू एक नंबर. मी रोज घेऊलोय. भरतीची तयारी चालू आहे की. सकाळी उठलं की दोन चमचे कोरडेच तोंडात टाकायचे, वर घोटभर पाणी, की चाललो ग्राउंडवर.

वैनी बी-३०२: कोरडे?? अरे खुळ्या, असं करू नकोस. खरंच सांगतेय. २०१४ साली अमेरिकेत पोटविकार डॉक्टरांच्या परिषदेत एक केस मांडली होती. ३९ वर्षांच्या माणसाने चमचाभर कोरडं चिया खाऊन वर पाणी प्यायलं, ते बी अन्ननलिकेतच फुगलं आणि तिथेच अडकलं. दुर्बीण घालून काढावं लागलं. हे बी वजनाच्या दहापट पाणी ओढतं, ते ग्लासात ओढू दे, घशात नको.

सी-४०४ धाकटा: बापरे. उद्यापासून भिजवून घेतो.

सुभेदार मामा: ते झालंच. पण पळताना पोटाचं काय होतंय ते सांग की ग्रुपवर. १६०० मीटरला दुसऱ्या फेरीत का मागे पडूलास?

सी-४०४ धाकटा: पोट जड लागतंय मामा. कळ येते डाव्या अंगाला. मला वाटलं दम कमी पडूलाय.

सुभेदार मामा: दम बरा आहे तुझा. पोटात भरून काय आणतोस ते आधी बघूया. मी लष्कराच्या ट्रेनिंग सेंटरला असताना सकाळी पीटीच्या आधी चहा आणि दोन बिस्किटं, बस. पोट भरून कोणी पळत नव्हतं.

हा मेसेज डिलीट करण्यात आला.

सेक्रेटरी: कोण डिलीट करतंय? जे बोलायचं ते उघड बोला. आणि गुड मॉर्निंगचे फोटो आज पुरे.

काकू ए-२०४: पण त्यात प्रोटीन आहे, कॅल्शियम आहे, ओमेगा-३ म्हणजे ते चांगलं फॅट आहे. मग वाईट कसं? मैत्रिणीने पाठवलेल्या व्हिडिओत होतं, मेक्सिकोच्या डोंगरातले लोक चियाचं पाणी पिऊन मैलोन् मैल पळतात.

वैनी बी-३०२: वाईट कोण म्हणतंय काकू? माझ्या घरी डबा भरलेला असतो. दिवसभर दवाखान्यात पेशंटना आहाराचे तक्तेच लिहून देते, म्हणून जरा सविस्तर सांगते, कंटाळा आला तर सोडून द्या. १०० ग्रॅम चियात साधारण ३१ ग्रॅम फॅट, १६-१७ ग्रॅम प्रोटीन आणि ४२ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. आता गंमत बघा, त्या ४२ मधले ३४ ग्रॅम नुसतं फायबर. म्हणजे पळताना पायांना जी साखर लागते ती यातून जवळजवळ मिळतच नाही. उलट फायबर आणि फॅट दोन्ही पोटात रेंगाळतात. शर्यतीच्या अर्धा तास आधी हे पोरांना पाजलं तर निम्मी पोरं ट्रॅकवर आणि निम्मी संडासाच्या रांगेत.

ते मेक्सिकोचे पळणारे म्हणजे रारामुरी लोक. चिया, पाणी, लिंबू घेतात हे खरं आहे. पण त्यांचं रोजचं जेवण मका आणि घेवड्याचं. भाजलेल्या मक्याचं पीठ पाण्यात कालवून ते वाटेत खातात. पळायची ताकद मक्याची, व्हिडिओ मात्र चियाचा. आपल्याकडे भाकरी-उसळ खाणाऱ्यावर कोण व्हिडिओ करतंय?

सुभेदार मामा: हे आवडलं.

वैनी बी-३०२: अजून एक. २०११ साली अमेरिकेत सहा खेळाडूंवर प्रयोग झाला. शर्यतीआधी साखरेचं स्पोर्ट्स ड्रिंक भरपूर देतात ना, त्यातली निम्मी साखर काढून त्या जागी चिया दिलं. मग तासभर पळवून वर १० किलोमीटर धावायला लावलं. वेळ दोन्हीकडे सारखाच आला. सहाच माणसं, त्यामुळे फार ताणू नये. पण चियाने कोणी जास्त जोरात पळालं नाही, एवढं दिसलं. साखर कमी खाल्ली गेली, हा फायदा म्हणायचा तर म्हणा.

अण्णा बी-१०२: नमस्कार री सगळ्यांना. हे मेक्सिको-मेक्सिको म्हणताय, पण आता आपल्या कर्नाटकातच पिकतंय की ते. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेने तिकडच्या शेतकऱ्यांना बियाणं देऊन सुरुवात केली. म्हैसूरजवळ एच. डी. कोटेकडे माझ्या साडूचं शेत आहे, तो घेतो हे पीक. तुळशीच्या जातीचं झाड, मंजिऱ्या पण तशाच येतात. गुरं तोंड लावत नाहीत म्हणतो.

काकू ए-२०४: बघा, म्हणजे स्वदेशीच झालं!

आजी ए-१०१: मी बोलून टाइप करते आहे चूकभूल समजून घ्या आमच्या लहानपणी खानापूरला चिया नव्हतं काही जवस होतं तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचं लसूण सुक्या मिरच्या मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं भाकरीवर तेल आणि ही चटणी खाऊन आमचे भाऊ तालमीत जायचे त्यात नाही का हे ओमेगा

वैनी बी-३०२: आहे आजी, आणि चियापेक्षा थोडं जास्तच. वनस्पतीतलं ओमेगा-३ चियात १०० ग्रॅमला १८ ग्रॅमच्या आसपास, जवसात २२-२३. फायबर जवसात थोडं कमी, प्रोटीन जवळपास सारखं. माशातलं ओमेगा मात्र वेगळं. जवस-चियातल्या ओमेगाचा फार थोडा भाग शरीर त्या रूपात बदलतं, त्यामुळे मासे खाणाऱ्यांनी मासे बंद करून चियावर येऊ नये.

जवसाची एकच कटकट, अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर जातं. कुटलं पाहिजे. आणि कुटून ठेवलं की त्यातलं तेल खवट व्हायला लागतं, म्हणून आठवड्यापुरतीच चटणी करायची. चिया भिजवलं की झालं, कुटायची गरज नाही. तेवढा आळस चिया चालवून घेतं. दर विचाराल तर रविवार पेठेत जवस चियाच्या निम्म्यालाही लागत नाही.

खजिनदार: हे वाक्य मी पिन करतो.

काकू ए-२०४: मग माझी दोन पाकिटं काय गटारात टाकू?

वैनी बी-३०२: छे हो, संध्याकाळी वापरूया ना. शर्यत झाल्यावर पोरं घरी जातील, जेवतील, झोपतील. चारच्या चहाच्या वेळेला त्यांना खरी भूक लागते, आणि तेव्हा ती कुरकुऱ्यांच्या पाकिटाला हात घालतात. तिथे चिया बसवा. रात्रीच वाटीभर दह्यात एक चमचा चिया कालवून फ्रिजमध्ये ठेवायचं, वरून आंबा किंवा चिकू. दोन-अडीच मोठे चमचे म्हणजे साधारण २८ ग्रॅम घेतलं तर फायबर दहा ग्रॅमच्या जवळ जातं, कॅल्शियम १८० मिलिग्रॅमच्या आसपास. सवय नसलेल्या लहान पोराला एवढं एकदम देऊ नका, एका लहान चमच्याने सुरुवात करा. गॅस धरतो.

आणि भिजवताना घाई नको. पाण्यात टाकलं की लगेच ढवळा, पाच मिनिटांनी परत ढवळा. नाही तर तळाला गोळा बसतो आणि आतले दाणे कोरडेच राहतात. अर्ध्या तासाने प्रत्येक दाण्याभोवती बेडकाच्या अंड्यासारखं पारदर्शक वेष्टन दिसलं की तयार.

खजिनदार: वैनी, मी नाष्टा करुलोय.

सेक्रेटरी: सब्जा आणि चिया एकच का? घरात वाद चाललाय.

वैनी बी-३०२: नाही. सब्जा फालुद्यातला, काळाभोर, दोन-चार मिनिटांत फुगतो. चिया करडं-काळं-पांढरं मिसळलेलं, ठिपक्यांचं, सावकाश फुगतं. वाद मिटवा.

सी-४०४ धाकटा: मग मी नेमकं कधी काय खाऊ? भरती जवळ आली.

सुभेदार मामा: ऐक. सकाळी साडेपाचला एक केळं किंवा गुळाचा खडा आणि पाणी. सहाला वॉर्मअप. पळून आल्यावर अर्ध्या तासात दूध आणि शेंगदाण्याचा लाडू, नाही तर उकडलेली अंडी आणि भाकरी. शेंगदाण्यात तुझ्या चियापेक्षा प्रोटीन जास्त आहे आणि आईने डबा भरून ठेवलाय, मला माहीत आहे. चिया हवंच असेल तर संध्याकाळी, वैनी म्हणतात तसं. आणि भरतीच्या दिवशी पहिल्यांदा कुठलीही नवीन वस्तू खायची नाही. कोणी फुकट दिली तरी नाही. किती तरी चांगली पोरं मी याच्यामुळे गारद झालेली बघितलीत.

सी-४०४ धाकटा: होय मामा.

काकू सी-२०३: माझी स्केटिंगवाली आठवीत आहे, तिला रक्त कमी सांगितलंय. चियात लोह आहे ना?

वैनी बी-३०२: आहे, पण मोठ्या चमचाभरात जेमतेम एक मिलिग्रॅम, आणि तेही सगळं अंगी लागत नाही. त्यावर विसंबू नका. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर गोळी चालू ठेवा, सोबत अहळीव, पालेभाजी, वर लिंबू. गोळी घेतल्यावर तासभर तरी चहा नको. आणि ग्रुपवर कोणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर रोज चिया सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

आजी ए-१०१: मी घेते ती गोळी म्हणजे मला दही नुसतंच द्या

सेक्रेटरी: ठरलं तर मग. रविवारी साडेसहाला व्हॅक्सिन डेपो. पळायच्या आधी केळी. मध्ये लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, चियाशिवाय. संध्याकाळी पाच वाजता क्लब हाऊसमध्ये बक्षिसं आणि काकूंचं चिया-दही. काकू, हरकत नाही ना?

काकू ए-२०४: हरकत कसली. पण चटणी-भाकरी पण ठेवा मग, बक्षीस समारंभात नुसतं दही देऊन पोरं ऐकणार नाहीत.

अण्णा बी-१०२: भाकऱ्या आमच्याकडून री. साठ पुरतील ना?

आजी ए-१०१: जवसाची चटणी मी करते पण खलबत्ता वर आणून द्यायला कोणी तरी या

सी-४०४ धाकटा: येतो आजी. शनिवारी सहा वाजता.

खजिनदार: लिंबं अजून कोणी घेतली नाहीत. चाळीस तरी लागतील. शनिवारी बाजारात कोण जाऊलंय?