मदत हवी आहे: धूमकेतू दुर्बिणीतून दिसतो, कॅमेऱ्यात येत नाही

तारकासुर: त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू सध्या (ऑक्टोबर २०२४) संध्याकाळी पश्चिमेला झकास दिसतोय. आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) एकदम नीट, पण कॅमेरा जोडला की मधे काळं भोक असलेलं पांढरं कडं! फोकसचं चाक फिरवून हात दुखला. अंधार पडून तो मावळेपर्यंत वेळ मिळतो केवढा, तोही ह्यातच जातो. सेटिंग काय ठेवू? उद्याच्या आत सांगा.

निरभ्र: दुर्बीण आरशाची की भिंगाची? कॅमेरा कशाने जोडलाय?

हेलबॉपवाला: दुर्बीण ठेवा बाजूला. १९९७ साली हेल-बॉप मी साध्या ट्रायपॉडवरून ५० एमएम लेन्सने काढला, तोही फिल्मवर. ह्याची शेपटी कित्येक अंश लांब आहे, दुर्बिणीत नुसतं डोकं येणार.

निरभ्र: काका, त्यांनी दुर्बिणीचंच विचारलंय.

मीनल_२: हा हॅलेच का?

निरभ्र: नाही. तो २०६१ मध्ये.

तारकासुर: दुर्बीण नेहमीचीच हो, १३० एमएम न्यूटोनियन, म्हणजे आरशाची, फोकल लेंग्थ ६५०. डीएसएलआर टी-रिंगने (कॅमेरा दुर्बिणीला जोडायच्या कड्याने) जोडलाय. आता सेटिंग?

निरभ्र: हे आधी सांगायचं ना! सेटिंगचा संबंधच नाही. फोकसर (चाकाने आत-बाहेर सरकणारी नळी) पूर्ण आत ढकलल्यावर कडं सगळ्यात लहान होतं का? होत असेल तर प्रतिमा बनते तिथवर सेन्सर पोचतच नाहीये. टी-रिंगच्या तोंडापासून सेन्सर ५५ मिमी मागे असतो. डोळ्याने बघायच्या न्यूटोनियनमध्ये तेवढी जागा ठेवलेलीच नसते. ते भोक म्हणजे नळीतल्या छोट्या, दुय्यम आरशाची सावली. मधे २एक्स बार्लो (फोकल लेंग्थ दुप्पट करणारं भिंग) टाका, फोकस बाहेर सरकेल.

खटपट्या: बार्लो कशाला? लांब स्क्रू लावून मुख्य आरसाच नळीत वर सरकवा. मी केलंय, पक्कं काम.

निरभ्र: उद्या संध्याकाळपर्यंत? कोलिमेशनसकट, म्हणजे आरसे परत एका रेषेत जुळवण्यासकट?

हेलबॉपवाला: बार्लोने ६५०चे १३०० होणार, एफ/५चं एफ/१०, म्हणजे प्रतिमा अंधुक. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर जेमतेम एक अंश आकाश. शेपटीला रामराम.

खटपट्या: म्हणून तर आरसा सरकवा म्हणतोय.

तारकासुर: भांडू नका. फोकसर पूर्ण आतच होता. बार्लो सापडला, शुक्रावर फोकस झाला! पण धूमकेतूवर नेला की रेघा उमटतात.

निरभ्र: माउंटला (दुर्बिणीच्या स्टँडला) आकाशाबरोबर फिरवणारी मोटार आहे?

तारकासुर: नाही. लागते का?

निरभ्र: मग आकाश सरकतं म्हणून रेघा येतात; एक्सपोजर पाव सेकंदाच्या वर नेऊ नका. आयएसओ ३२००, टायमर लावा, बटण दाबतानाच नळी हलते. फोकसरचा स्क्रू आवळून ठेवा. ढीगभर फ्रेम घ्या आणि त्या स्टॅक करताना (एकावर एक रचून एक फोटो करताना) ताऱ्यांवर नाही, धूमकेतूच्या डोक्यावर जुळवा. १७ ऑक्टोबरला पौर्णिमा आहे, चंद्र रोज जास्त छळणार.

मीनल_२: मोबाईल आयपीसला टेकवला तर चालेल? माझ्याकडे दुर्बीण नाहीये, पण घ्यायचीय.

हेलबॉपवाला: तारकासुर, तुमच्याकडे ८५ एमएम लेन्स आहे का?

तारकासुर: आहे. पण ती लावायची नाहीये.