सममूल्य, समान की तुल्य?

मुलगी पाचवीत आहे, मराठी माध्यमात. परवा गृहपाठात प्रश्न होता : २/३ आणि ८/१२ हे अपूर्णांक सममूल्य आहेत का? उत्तर तिनं बरोबर काढलं. मग विचारते, "आई, दोघांच्या मधे बरोबरचं चिन्ह देतात ना? मग सरळ समान का नाही म्हणत? सममूल्य कशाला?" मला काही नीट सांगता आलं नाही. माझं शिक्षण इंदूरला हिंदीतून झालं, तिथे आम्ही 'तुल्य भिन्न' म्हणायचो (हिंदीत भिन्न म्हणजे अपूर्णांक). या तीन शब्दांत खरंच फरक आहे का? असेल तर दहा वर्षांच्या मुलीला तो कसा सांगावा?

* * *

ताई, फार खोलात जाऊ नका. तिरकस गुणाकार करायला सांगा. २ × १२ = २४ आणि ३ × ८ = २४. दोन्हीकडे सारखं आलं की सममूल्य. समान म्हटलं तरी चालतं.

* * *

गणिताच्या तासाला चालेलही, पण शब्दाची चर्चा आहे म्हणून लिहितो. मला 'सममूल्य' हा आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या सर्वांत नेमक्या शब्दांपैकी एक वाटतो, आणि तुमच्या मुलीनं अगदी योग्य जागी बोट ठेवलंय.

२/३ आणि ८/१२ यांत समान काय आहे? अंश वेगळा, छेद वेगळा. एकात वस्तूचे तीन भाग केले, दुसऱ्यात बारा. म्हणजे लिहिलेलं रूप समान नाही. समान आहे ती त्यांची किंमत. बरोबरचं चिन्ह त्या किमतीबद्दल बोलतं, आणि 'सममूल्य' हे नाव सांगतं की रूपं दोन आहेत, मूल्य एक आहे. नुसतं 'समान' म्हटलं की यातला अर्धा भाग गळून पडतो.

मूल्य म्हणजे किंमत, तेव्हा मुलीला पैशांवरूनच सांगा. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यानंतरही लोक पंचवीस पैशांच्या नाण्याला 'चार आणे' आणि पन्नासच्या नाण्याला 'आठ आणे' म्हणत राहिले, पुढे कित्येक दशकं. मीही म्हणायचो, आणि आणा तर मी कधी पाहिलाही नव्हता. हे चालू शकलं, कारण ४/१६ आणि २५/१०० सममूल्य आहेत : ४ × १०० = ४००, १६ × २५ = ४००. आठ आण्यांचंही तसंच.

पण दोन आणे, म्हणजे जुनी चवली? तिचे होतात साडेबारा पैसे, आणि अर्ध्या पैशाचं नाणं नव्हतं. त्यामुळे सरकारी कोष्टकात दोन आण्यांचे बारा नवे पैसे धरले आणि तीन आण्यांचे एकोणीस. आता तपासा. २ × १०० = २००, १६ × १२ = १९२. जमलं नाही, सुट्टे मोडून घेणाऱ्याचं थोडं नुकसान. चवली हा शब्द बोलण्यातून गेला आणि चार आणे, आठ आणे टिकले, त्यामागे हा हिशेबही असणार असं मला वाटतं. पंचवीस पैशांचं नाणं २०११ मध्ये चलनातून गेलं, तोवर सोळांचा हिशेब शंभरांच्या राज्यात नांदत होता.

* * *

'तुल्य'बद्दल थोडं. त्याच्या मुळाशी तुला आहे, म्हणजे तराजू. तुलना हा शब्दही तिथलाच. तेव्हा दोन अपूर्णांकांची तुलना करणं म्हणजे ते दोन पारड्यांत घालणं, आणि काटा मधे थांबला की ते तुल्य. इंदूरचा शब्दही वाईट नाहीच. मराठीत मात्र तुल्य एकटा फारसा वावरत नाही, तुल्यबळ, पितृतुल्य असा जोडीनंच येतो. पितृतुल्य म्हणजे वडिलांसारखे, प्रत्यक्ष वडील नव्हेत. ही 'सारखे'पणाची छटा असल्यामुळे मराठी कानाला 'तुल्य अपूर्णांक' जरा ढिलं वाटतं. 'सममूल्य'मध्ये ती ढिलाई नाही.

वर तिरकस गुणाकार सांगितलाय, पण तो का चालतो हे मुलांना कोणी सांगत नाही, याची मला फार खंत वाटते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) ओळ आहे : 'अन्योन्यहाराभिहतौ हरांशौ राश्योः समच्छेदविधानमेवम्'. एकाच्या छेदानं दुसऱ्याचे अंश आणि छेद दोन्ही गुणा, की दोघांचे छेद सारखे होतात. २/३ ला १२ नं गुणलं की २४/३६. ८/१२ ला ३ नं गुणलं की तेही २४/३६. छेद आता सारखाच, म्हणून फक्त अंश बघायचे, आणि ते दोन अंश म्हणजेच आपले तिरकस गुणाकार! ३६ लिहायचा राहून जातो एवढंच. शाळेतला 'समच्छेद' शब्द या ओळीत तसाच्या तसा आहे.

* * *

आमच्या आजीकडे दुकानाची जुनी मापं होती, त्यावरून एक जोड सुचली : अदपाव आणि नवटाक. अदपाव म्हणजे पावशेराचा अर्धा, म्हणून १/८ शेर. नवटाक म्हणजे नऊ टाक, शेराचे टाक बहात्तर, म्हणून ९/७२ शेर. माप एकच, नावं दोन. एक नाव निम्मं-निम्मं करत खाली उतरलेलं, दुसरं बारीक तुकडे मोजत वर चढलेलं.

एक सावधगिरी मात्र मुलीला जरूर सांगा. ज्याचा भाग घेतोय ते पूर्ण एकच हवं. भाजीवाल्याकडे आपण अजून 'पावशेर भेंडी' मागतो आणि तो पाव किलो देतो. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, त्याचा पाव २३३ ग्रॅम. किलोचा पाव २५०. दोन्ही १/४च, तरी वजन एक नाही.

* * *

सर्वांचे मनापासून आभार. काल जेवण झाल्यावर तिला आण्यांची गोष्ट सांगितली. तिनं वहीत एक ते सोळा आण्यांची यादी केली आणि प्रत्येकाचे पैसे काढायला बसली. तीन आण्यांशी थांबून म्हणाली, "१६ × १९ तीनशे चार होतात, म्हणजे इथे आपल्याला जास्त मिळाले!" शेवटी यादीतल्या चारच ओळींवर खूण उरली : ४, ८, १२ आणि १६. बाजूला तिनं स्वतःच लिहिलंय, 'फक्त हे सममूल्य'.