शब्दचर्चा: ऑपेरा-बॅलेला नेहमी जाणाऱ्याला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, एका वाक्यावर चार दिवस अडले आहे. लंडनमध्ये आयुष्य गेलेल्या एका बाईंच्या आठवणी मराठीत आणते आहे. चाळीसएक वर्षं त्या कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसला जात होत्या, आणि बहुतेक वेळा अगदी वरच्या, स्वस्त जागेवर. लंडनच्या नाट्यगृहांत त्या वरच्या मजल्याला 'गॉड्स' म्हणतात. छत इतकं जवळ, की देवांच्या शेजारी बसल्यासारखं.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, 'त्या बॅले आणि ऑपेराच्या नियमित प्रेक्षक होत्या.' वाचलं आणि खोडलं. 'नियमित' म्हटलं की हजेरीपट आठवतो. 'प्रेक्षक' म्हणजे बघणारा, बॅलेला ते चालेल; पण ऑपेराला आपण अर्धा वेळ डोळे मिटून बसायचो, असं त्यांनीच लिहिलं आहे. 'श्रोता' म्हणावं तर बॅले निसटतो. 'रसिक' लिहिलं तर ते जाणं-येणंच निसटतं, कारण रसिक घरी बसूनही ऐकू शकतो. 'चाहता' एखाद्या गायकाचा किंवा नर्तकीचा असतो. शिवाय मूळ मजकुरात 'बॅलेटोमेन', म्हणजे बॅलेचं वेड लागलेला, हा शब्द वारंवार येतो. त्यातलं वेड कुठल्या मराठी शब्दात बसेल? 'संगीतिका' आणि 'नृत्यनाट्य' हे प्रतिशब्द मी वापरणार नाही. 'संगीतिका' म्हटलं की माझ्या पिढीला आकाशवाणी आठवते, व्हेर्दीचा ऑपेरा नाही.

प्रतिसाद १

ताई, 'दर्दी' घ्या. आमच्या आजोबांच्या तोंडी 'दर्दी माणूस' ही गाणं कळणाऱ्याला मिळणारी सगळ्यात वरची पदवी होती. 'शौकीन' नको, त्याला पैशाचा आणि मौजेचा वास येतो. आणि 'हौशी' तर मुळीच नको. हौशी म्हणजे स्वतः रंगमंचावर जाणारा; वाचणाऱ्याला वाटेल बाई नाचत होत्या.

प्रतिसाद २

'दर्दी' चांगला आहे, पण तो जाण सांगतो, सवय नाही. संस्कृतात प्रयोगाला जमलेल्या माणसाला 'सामाजिक' म्हणत. समाज म्हणजे जमलेला मेळा, त्यातला एक तो सामाजिक. आज हा शब्द आपल्या हातातून पूर्ण गेला आहे. 'त्या सामाजिक होत्या' लिहिलंत तर वाचणारा संस्था-समित्या शोधू लागेल.

भरताने नाट्यशास्त्रात प्रेक्षकाचा वेगळा विचार केला आहे. पात्राच्या आनंदाने आनंदणारा, दुःखाने कळवळणारा तो प्रेक्षक. आणि त्याच्याहून निराळा 'प्राश्निक', म्हणजे प्रयोगाचे गुणदोष जाणून निवाडा देणारा. तुमच्या बाई यांतल्या कोण, हे आधी ठरवा. चाळीस वर्षं तेच ते बघणारा माणूस हळूहळू प्राश्निक होतो, असं मला वाटतं.

प्रतिसाद ३

वरच्या काकांचा 'प्राश्निक' वाचून मिलान आठवलं. तिथलं ला स्काला हे ऑपेरागृह १७७८ साली सुरू झालं. तिथल्या सर्वांत वरच्या सज्जाला 'लोज्जोने' म्हणतात आणि तिथल्या नेहमीच्या मंडळींना 'लोज्जोनिस्ती', एकवचनी 'लोज्जोनिस्ता'. तिकीट सगळ्यात स्वस्त, कान सगळ्यात तिखट. २००६ च्या डिसेंबरात 'आइदा' या ऑपेरात गायक रोबेर्तो आलान्या यांनी पहिलीच एकट्याची चीज गायली, लोज्जोनेतून हुर्यो झाली आणि ते रंगमंच सोडून निघून गेले. पर्यायी गायक अंगावरच्या साध्या कपड्यांत धावत आला आणि गायला लागला. लोज्जोनिस्ती म्हणजे प्राश्निकच, फक्त निवाडा जागेवर आणि मोठ्या आवाजात.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. युरोपातले हे शब्द माणसाची जाण सांगत नाहीत, जागा सांगतात. मिलानमध्ये सज्जा. लंडनमध्ये देवांचा शेजार. पॅरिसमध्ये 'आबॉने', म्हणजे वर्गणी भरून हंगामभराची जागा राखलेला. एकोणिसाव्या शतकात या आबॉने लोकांचा तोरा फार. पाले गार्निये हे ऑपेरागृह १८७५ साली उघडलं, तिथे नर्तकींच्या सरावाच्या दालनात त्यांना मुक्त प्रवेश होता. देगा या चित्रकाराच्या चित्रांत नर्तकींच्या मागे काळा कोट आणि उंच टोपी घातलेले पुरुष उभे दिसतात, ते हेच. त्यांच्या जिभेला काय धार होती, ते संगीतकार वाग्नेरला विचारा. १८६१ च्या मार्चमध्ये पॅरिसला त्याचा 'टानहॉयझर' हा ऑपेरा लागला. जॉकी क्लब या बड्या लोकांच्या क्लबातले आबॉने निवांत जेवून उशिरा यायचे, म्हणून बॅले दुसऱ्या अंकात असायचा रिवाज होता. वाग्नेरने तो पहिल्या अंकात घातला. त्यांनी शिट्ट्या मारमारून इतका गोंधळ घातला की तीन प्रयोगांनंतर वाग्नेरने ऑपेरा मागे घेतला. तेव्हा 'आबॉने'चं भाषांतर 'रसिक' केलं, तर त्या दालनातल्या मुलींवर अन्याय होईल. तिथे 'वर्गणीदार'च लिहा.

आपल्याकडेही जागेवरून शब्द होता, हे विसरू नका. संगीत नाटकांच्या काळातला 'पिटातला प्रेक्षक'. स्वस्त तिकीट, पुढचं बसणं, आणि पसंती-नापसंती तोंडावर. लोज्जोनिस्ताला मराठीत कोणी सख्खा भाऊ असेल तर तो हा, फक्त एक वर बसतो आणि एक खाली.

प्रतिसाद ४

थोडं विषयांतर, पण शब्दांचंच आहे. गाणं पुन्हा हवं असलं की इंग्रज प्रेक्षक 'आँकोर' ओरडतो, तो शब्द फ्रेंच. फ्रेंच प्रेक्षक 'बिस' ओरडतो, तो लॅटिन. आणि आपण 'वन्स मोअर' ओरडतो, ते इंग्रजी. पुन्हा मागायला प्रत्येकाला दुसऱ्याचा शब्द लागतो, याचं मला फार अप्रूप आहे. ला स्कालात वन्स मोअर घ्यायचा नाही असा दंडक सत्तर वर्षांहून अधिक चालला. २००७ मध्ये हुआन दिएगो फ्लोरेस यांनी दोनिझेत्तीच्या ऑपेरातली एक चीज पुन्हा गायली आणि तो मोडला. त्या एका चिजेत 'सी' हा वरचा सूर नऊ वेळा लावावा लागतो. दोनदा गायले, म्हणजे अठरा वेळा.

प्रतिसाद ५

मी बरीच वर्षं व्हिएन्नात राहते, म्हणून राहवत नाही. इथल्या श्टाट्सओपर या ऑपेरागृहात चारशेहून अधिक उभ्या जागा आहेत. 'श्टेप्लात्स', म्हणजे उभी जागा. तिथे नेहमी येणारा तो 'श्टेप्लात्स्लर'. मिलानची गोष्ट सांगणाऱ्या दादांचं म्हणणं खरं आहे, हाही जागेवरूनच पडलेला शब्द.

माझी पहिली संध्याकाळ सांगते. तिकीट घेऊन आत गेले. उभं राहायच्या ओळींना कठडे असतात, त्यांना लोक येऊन आपापला गळपट्टा बांधत होते आणि बाहेर निघून जात होते. मला वाटलं विसरले. शेजारच्या आजींनी माझ्या खांद्यावरच्या ओढणीकडे बोट दाखवलं आणि कठड्याकडे दाखवलं. बांधली. ती गाठ म्हणजे जागा राखली. मध्यंतरानंतर आले तर ओढणी जशीच्या तशी, आणि माझ्या जागी कोणी पाऊल टाकलेलं नाही. त्या ओढणीला अजून तिथली एक सुरकुती आहे असं मला वाटतं, इतक्या वेळा ती त्या कठड्याला बांधली गेली आहे.

त्या दिवशी 'तोस्का' हा ऑपेरा होता. मार्गारेटे वालमान यांनी १९५८ मध्ये बसवलेला तोच 'तोस्का' इथे अजून चालतो: तोच नेपथ्याचा आराखडा, तेच चर्च, तोच किल्ला. गाणारे बदलतात. प्रयोगाच्या पत्रकावर छापलेलं असतं की या बसवणुकीचा हा कितवा प्रयोग. सहाशेच्या वरचा आकडा मी वाचला आणि मला एकदम घरच्या वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती दिसल्या, '५०० वा प्रयोग' म्हणणाऱ्या. मुख्य मुद्दा इथेच आहे, असं मला वाटतं.

मराठीत आपण नाटक वेगळं आणि प्रयोग वेगळा मानतो. नाटक एकच, प्रयोग शंभर. 'आजचा प्रयोग रंगला', 'कालचा पडला' असं आपण सहज म्हणतो. जो एकदा जातो तो नाटक बघतो. जो पुन्हा पुन्हा जातो तो प्रयोग बघतो. माझ्या शेजारच्या आजींना तोस्का शेवटी किल्ल्यावरून उडी मारणार हे साठ वर्षं माहीत आहे. त्या येतात ते दुसऱ्या अंकातल्या प्रार्थनेसाठी. खलनायकासमोर हतबल झालेली तोस्का देवाला विचारते, मी कलेसाठी जगले, कुणाचं वाईट केलं नाही, मग मला हे का? आजची गायिका ती उभ्याने गाणार की जमिनीवर कोसळून, वरच्या सुरावर किती थांबणार, आणि तिथून खाली येताना श्वास कुठे घेणार, एवढ्यासाठी आजी अडीच तास उभ्या राहतात. बॅलेचंही तेच. 'स्वान लेक'च्या तिसऱ्या अंकात काळा हंस झालेली नर्तकी एका पायावर ३२ गिरक्या घेते. पिएरिना लेन्यानी यांनी १८९५ मध्ये रशियात पीटर्सबर्गला घेतल्या, तेव्हापासून ती रीत झाली. नवा माणूस गिरक्या मोजतो. जुना माणूस बघतो की तिचा टेकलेला पाय सुरुवातीच्या जागेवरून किती सरकला.

'बॅलेटोमेन' हा शब्दही त्याच पीटर्सबर्गचा. रशियनमधून तो इंग्रजीत आला आणि आर्नोल्ड हॅस्केल या समीक्षकामुळे १९३० च्या दशकात रुळला. त्याला 'बॅलेवेडी' म्हणा, 'नाटकवेडा'सारखं. मराठी कानाला ते पटकन पटतं, वेगळा प्रतिशब्द घडवायची गरज नाही.

आता 'नियमित'बद्दल. आम्ही लहान असताना आई म्हणायची, 'सोमवारी बेलबागेतल्या देवळात जायचा तुझ्या आजीचा नेम होता.' तो शब्द घ्या ना. 'नेम' मध्ये सवय आहे, ओढ आहे, आणि चुकला तर रुखरुख आहे. 'नियमित' मध्ये फक्त वेळापत्रक आहे.

प्रतिसाद २ (पुन्हा)

'नेम' ला माझं पूर्ण अनुमोदन. फक्त 'नेमस्त' कुणी सुचवू नये, तो टिळक-गोखल्यांच्या वादातला मवाळ माणूस आहे. कुणी 'वारी' सुचवेल म्हणून आधीच सांगतो, तोही नको. 'दिल्लीची वारी' म्हणतो आपण, पण पंढरीची वारी वर्षातून ठरल्या वेळीच होते. दर आठवड्याच्या जाण्याला तो शब्द मोठा पडतो, आणि ज्यांची ती खरी वारी आहे त्यांच्याकडून उसना घेतल्यासारखा वाटतो.

प्रतिसाद ६ (मूळ प्रश्नकर्ती)

व्हिएन्नाच्या ताई, 'प्रयोग' वाचलं आणि गाठ सुटली. रात्री पुन्हा बसले तेव्हा आणखी एक लक्षात आलं, ते लिहून ठेवते.

प्रेक्षक की श्रोता, हा पेच मी नाम शोधत होते म्हणून पडला होता. बोलताना आपण तो कधी पडूच देत नाही. आपण 'नाटकाला' जातो, 'गाण्याला' जातो, 'कीर्तनाला' बसतो. त्या 'ला' मध्ये बघणं आणि ऐकणं दोन्ही आहेत, आणि वर तिथे असणंही आहे. 'गाणं ऐकायला गेलो' आणि 'गाण्याला गेलो' यांत फरक आहे. दुसऱ्यात माणूस मैफलीचा भाग होऊन येतो. ऑपेराला हे जसंच्या तसं चालतं.

तेव्हा आता वाक्य असं आहे:

'कॉव्हेंट गार्डनला जायचा त्यांचा नेम चाळीस वर्षं चुकला नाही. कधी ऑपेराला, कधी बॅलेला, बसायच्या मात्र बहुतेक वेळा वर, देवांच्या शेजारी.'

'गॉड्स' ला तळटीप देणार नाही. वाक्यातच कळतं. 'बॅलेवेडी' दोन ठिकाणी घातलं आहे. तिसऱ्या ठिकाणी बाई स्वतःबद्दल नाही, एका म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल लिहितात. तो 'स्वान लेक' बघायला नाही, एका नर्तकीचा हात वर जाताना बघायला यायचा. तिथे पहिल्या प्रतिसादातला 'दर्दी' बसवला. त्याला तो अगदी बेतून शिवल्यासारखा बसला आहे.

एक अडचण उरली. बाई लिहितात की एकदा त्या म्हाताऱ्याने त्यांना विचारलं, 'तुम्ही हे किती वेळा पाहिलंय?' आणि त्या म्हणाल्या, 'आजचं? पहिल्यांदाच.' तिथे 'आजचं' ठेवू की 'आजचा प्रयोग'? मला 'आजचा' एवढंच ठेवावंसं वाटतंय. मराठी वाचणारा प्रयोग मनातच म्हणेल.

प्रतिसाद ५ (पुन्हा)

'आजचा'च ठेवा. माझ्या शेजारच्या आजी रोज हेच बोलतात.