'ग्लीन' म्हणजे सरवा वेचणे: अवघड इंग्रजी शब्द आणि शेतशिवारातले मराठी शब्द

अकोला जिल्ह्यातील आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत संध्याकाळी स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली बसतात, आणि त्यांच्या इंग्रजी शब्दांच्या वह्या मी गेली काही वर्षे तपासत आलो आहे. सगळ्या वह्या जवळपास सारख्याच असतात: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मार्गदर्शकातून उतरवलेला एक मराठी शब्द आणि दोहोंच्या मध्ये बरोबरचे चिन्ह. मागच्या वर्षी सोयाबीनची सोंगणी आटोपत आली असताना एका विद्यार्थिनीच्या वहीत 'ग्लीन = गोळा करणे' अशी नोंद होती, आणि तिच्याखाली तिने स्वतः रचलेले वाक्य होते: 'द गव्हर्नमेंट ग्लीन्स टॅक्सेस फ्रॉम द पीपल.' व्याकरणात चूक नव्हती, तरीही वाक्य चुकले होते, आणि ते का चुकले हे 'गोळा करणे' या अर्थावरून तिला कधीच उमगले नसते.

मी तिला सहज विचारले, "आई आज दिसली नाही?" ती म्हणाली, "माय सरवा येचाले गेली, सर." मी वहीवर बोट ठेवून म्हणालो, "हाच ग्लीन."

सरवा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. सोयाबीन सोंगून, गंजी लावून, थ्रेशरमधून काढून मालक घरी नेतो, तेव्हा रानात धसकटांमध्ये तुटून पडलेल्या शेंगा आणि उन्हाने तडकून उडालेले दाणे उरतात. बाया सकाळपासून वाकून एकेक शेंग उचलतात आणि ओटीत टाकतात. वाळलेली धसकटे बोटांना टोचतात, तासाभरात पाठ भरून येते, आणि दिवसाच्या शेवटी ते सगळे पोत्यावर पसरून काठीने बडवले की काही पायल्या दाणे हाती लागतात. ते दाणे वेचणारीचे असतात. कापसाच्या वेचणीत मालक किलोप्रमाणे मजुरी देतो आणि माल त्याच्या घरी जातो, त्यामुळे 'कापूस वेचणे' आणि 'सरवा वेचणे' या दोन्हींत क्रियापद एकच असले तरी आपल्याकडे कोणी त्यांची गल्लत करत नाही. इंग्रजीत पहिल्यासाठी 'पिक' आहे आणि दुसऱ्यासाठी 'ग्लीन'.

जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ तंतोतंत हाच आहे: कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे वेचणे. बायबलच्या जुन्या करारात शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत आणि सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावा अशी आज्ञा आहे. फ्रेंच चित्रकार मिले याने 1857 मध्ये गव्हाच्या कापलेल्या शेतात वाकून कणसे वेचणाऱ्या तीन स्त्रियांचे चित्र काढले, आणि ते पाहताना आपल्याच शिवारातल्या बाया आठवल्यावाचून राहत नाहीत. इंग्लंडमध्ये तर सरव्याचा हक्क न्यायालयापर्यंत गेला, आणि 1788 मध्ये तेथील न्यायालयाने असा निर्णय दिला की परंपरेने चालत आलेल्या कायद्यानुसार कोणालाही दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचण्याचा हक्क नाही. ज्या शब्दामागे गरिबाचे पोट, मालकाची मर्जी आणि न्यायालयाचा निकाल एवढे सारे आहे, त्याचा अर्थ 'गोळा करणे' या दोन शब्दांत बसवणे मला अन्यायाचे वाटते.

आता लक्षणेकडे, म्हणजे शब्दाच्या लाक्षणिक वापराकडे वळू. आजच्या इंग्रजीत हे क्रियापद धान्यापेक्षा माहितीच्या संदर्भात अधिक येते: जुन्या पत्रांतून, विखुरलेल्या नोंदींतून, कोणाच्या बोलण्यातून कण-कण करून जे हाती लागते, ते 'ग्लीन' केलेले असते. त्यात चिकाटी आहे, थोडेपणा आहे आणि विखुरलेपणाही आहे. कर हा हक्काने, एकदम आणि ठरलेल्या दराने वसूल होतो, म्हणून त्याला 'कलेक्ट' किंवा 'लेव्ही' चालेल, 'ग्लीन' चालणार नाही. शिवाय या क्रियापदापुढे बहुधा 'फ्रॉम' येते, कारण सरवा कोणत्या शेतातला हे सांगावे लागते.

आपल्या मातीतला शब्द सापडला म्हणजे काम संपले असे मात्र समजू नये, आणि हे मला 'विनो' या शब्दाच्या निमित्ताने प्रकर्षाने सांगावेसे वाटते. 'विनो' हा शब्द वाऱ्याला इंग्रजीत जे 'विंड' म्हणतात त्याच्याशीच जोडलेला आहे; अर्थ उफणणे, म्हणजे वाऱ्यावर धान्य धरून हलका भाग उडवून देणे. सुपाने तेच काम केले की आपण पाखडणे म्हणतो. इथवर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात, परंतु लक्षणेत त्यांच्या वाटा फुटतात. इंग्रजीत शेकडो अर्जांतून निवडक उमेदवार बाजूला काढणे म्हणजे 'विनो' करणे, तर मराठीत माणूस दुसऱ्यावर आग पाखडतो. एका भाषेने त्या क्रियेतली निवड उचलली आणि दुसरीने बाहेर फेकण्याचा जोर उचलला. म्हणून चित्र आपल्या घरातले घ्यावे, पण ते चित्र इंग्रजीत कोणत्या दिशेने वापरले जाते हे दोन-चार खऱ्या वाक्यांत पाहून घ्यावे.

याच कुळातला 'चाफ' हा शब्द विदर्भातल्या विद्यार्थ्याला आणखी अडचणीत टाकतो. गहू आणि 'चाफ' वेगळे करणे, म्हणजे मोलाचे ठेवून निरुपयोगी टाकून देणे, अशी इंग्रजीत म्हण आहे. आमच्या मुलांनी 'चाफ' म्हणजे कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) असे लिहिले, आणि वस्तू म्हणून ते फारसे चुकीचे नाही, कारण इंग्रजीतही बारीक केलेल्या वैरणीला हाच शब्द लावतात. पण कुटार ही आपल्याकडे टाकून देण्याची वस्तू नव्हे. तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार उन्हाळ्यात बैलांच्या दावणीला लागते, त्यासाठी घरात वेगळी जागा असते आणि त्याला भावही मिळतो. त्यामुळे म्हणीतला निरर्थकपणा कुटारात उतरत नाही. तो उतरतो फोलपटात, आणि मराठीने 'अंदाज फोल ठरला' यासारख्या वाक्यांत ती लक्षणा केव्हाच करून ठेवली आहे.

'पेरेनियल' या शब्दाला आपल्याकडे दोन जागा द्याव्या लागतात: नदी असेल तर बारमाही, झाड असेल तर बहुवर्षायू. त्याच्या उलट बाजूला 'एफेमेरल' आहे. ग्रीक मुळानुसार तो 'एका दिवसापुरता' असा आहे, आणि वह्यांमध्ये त्याचा अर्थ सर्रास 'क्षणभंगुर' असा दिलेला असतो. कीर्तनात देहाला क्षणभंगुर म्हणतात ते शोभते, परंतु जलविज्ञानात हाच शब्द पाऊस पडला की वाहणाऱ्या आणि थांबला की कोरड्या पडणाऱ्या नाल्याला लावतात, आणि आपल्या नाल्याला क्षणभंगुर म्हणणे कोणाच्याही तोंडी बसणार नाही. 'पावसापुरता' हा साधा शब्द तिथे पुरेसा आहे.

मूळ पाहून अर्थ ताडण्याची सवय चांगली असली तरी ती कधी कधी फसवते. 'मेटिक्युलस' या शब्दाचे लॅटिन मूळ भीती दाखवणारे आहे, आणि इंग्रजीतही पूर्वी त्याचा अर्थ भित्रा असाच होता. आज तो बारीकसारीक गोष्टींत काटेकोर असणाऱ्या माणसाचा गुण सांगतो. केवळ मुळावर विसंबणाऱ्याने परीक्षेत त्याचा अर्थ 'घाबरट' लिहिला तर गुण मिळणार नाहीत.

जमिनीविषयीचे शब्द तर सातबाऱ्यासकट शिकवावेत असे मला वाटते. 'अरेबल' हा शब्द लॅटिनमधल्या नांगरणे या क्रियापदापासून आला, म्हणजे जी वाहता येते ती जमीन, आणि सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून दाखवलेला तुकडा तिच्याबाहेर राहतो. 'फॅलो' याचा अर्थ वह्यांत 'पडीक' असा दिलेला असतो, पण पडीक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुर्लक्षित, काटेरी झुडपांनी भरलेले रान येते. 'फॅलो' जमीन मुद्दाम विश्रांतीला ठेवलेली असते. मध्ययुगीन युरोपात गावाच्या शेतीचे तीन भाग करून त्यातला एक दरवर्षी असा मोकळा ठेवण्याची पद्धत होती, आणि आमच्या खारपाणपट्ट्यातही, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागातही, काही शेतकरी खरिपात रान मोकळे ठेवून, ओलावा धरून, रब्बीला हरभरा पेरतात. त्या रानाला कोणी पडीक म्हणाले तर शेतकरी रागावेल. ते 'पड ठेवलेले' रान आहे, आणि पीकपाहणीत 'चालू पड' असा शब्द आहेच.

पुढच्या आठवड्यात त्याच विद्यार्थिनीने वही पुन्हा आणून दाखवली. बरोबरची चिन्हे तिने खोडली होती, 'ग्लीन'समोर 'सरवा वेचणे, कण-कण मिळवणे, पुढे फ्रॉम' असे लिहिले होते, आणि 'फॅलो'समोरचे 'पडीक' काढून 'पड ठेवलेले' केले होते. मग तिने विचारले की माणसाबद्दल हा शब्द वापरता येतो का, कारण बारावीनंतर दोन वर्षे घरी राहावे लागल्यामुळे तिचे इंग्रजी तसेच राहिले होते. येतो, असे मी सांगितले. एखादा गुण किंवा कल्पना वापराविना राहिली की इंग्रजीत ती 'लाय फॅलो' करते असे म्हणतात, आणि त्यात पुन्हा पेरणी होण्याची शक्यता गृहीत असते. तिने ते क्रियापदासह लिहून घेतले आणि शेजारी मराठीत लिहिले: पड होते, वाया गेले नव्हते.