सशाचे केस आणि आपला उन्हाळा : अनुभव लिहा

ससा पाळलाय म्हटलं की पाहुणे आधी वासाचं विचारतात. मला वैताग केसांचा! जळगावात फेब्रुवारी सरत आला की आमचा गोट्या झडायला लागतो. चहात केस, वाळत घातलेल्या पापडांवर केस. तारांचा ब्रश फिरवला तर पाठीवर ओरखडे उठले; सशाची कातडी फार पातळ. आता रोज ओल्या हातानं चोळते, सुटलेले केस हाताला चिकटून येतात. तुम्ही काय करता?

भुसावळ : काय सांगू भो, आपली चूकच झाली. मे महिना, पारा ४५ ला. वाटलं, गार पाण्यानं आंघोळ घालू. शाम्पूसुद्धा लावला. बादलीत असा धडपडला आणि मग अंगच टाकलं त्यानं. कान बर्फासारखे. टॉवेलात गुंडाळून तासभर मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा कुठं हलला. डॉक्टर जाम रागावले : ससा चाटून स्वतःला स्वच्छ ठेवतो, आंघोळ नकोच, आतली लव लवकर वाळत नाही, धसक्यानं जीवही जातो. आता शहाबादी फरशी, कूलर, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. मागची बाजू घाण झाली तर तेवढीच पुसतो, पण लगेच. तिथं माशी बसली तर दिवसभरात अळ्या पडतात.

रावेर : आमच्याकडे केळीला तोटा नाही, म्हणून केळीच भरवायचो. शिवाय बिस्किटं. फर विरळ झाली, लेंड्या केसानं माळेसारख्या जोडलेल्या. सशाला उलटी होत नाही, गिळलेले केस मागूनच निघायला हवेत आणि त्याला गवताचा चोथा लागतो. बांधावरचं मारवेल गवत वाळवून दिवसभर समोर ठेवलं. दोनेक महिन्यांत अंगावर तकाकी आली. माझ्या मते ब्रशपेक्षा गवतच खरं.

अमळनेर : मानेवर कोंडा दिसला तर तेल चोळत बसू नका, बारीक किडे असतात. आम्ही कुत्र्याचं औषध टाकणारच होतो. त्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक होतं, सशाला ते विष. डॉक्टरांकडच्या इंजेक्शननं गेलं.

नंदुरबार : अंगोरा, म्हणजे लांब लोकरीच्या जातीचा ससा, आणू नका. केस महिन्याला दोन-अडीच सेंटीमीटर वाढतात, आपल्या उन्हात हाल नुसते.

धुळे : आमच्या सशीनं पोटाचे केस उपटले. खरूज समजून रात्रभर झोप नाही. सकाळी त्याच केसांच्या गादीत पाच पिल्लं! दुकानदारानं दोन्ही माद्या म्हणून दिल्या होत्या.