रक्ततपासणीतले कोणते बदल वयाचे आणि कोणते आपल्या राहणीचे?

प्रश्न : जुनी_वही

नमस्कार. माझे वय ५४ आहे, मी साताऱ्याला शिक्षिका आहे. ४३ व्या वर्षापासून दरवर्षी मी रक्त तपासून घेते आणि सगळे रिपोर्ट एकाच फाइलीत लावून ठेवते. दिवाळीच्या सुट्टीत ती फाइल पहिल्या पानापासून वाचली, तेव्हा एकेका वर्षात न जाणवलेले बदल एकदम नजरेत भरले. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १०४ वरून १४८ वर गेले आहे, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसी ५.४ वरून ६.१ झाले आहे आणि हिमोग्लोबिन १२.६ वरून १०.८ वर आले आहे. त्यातली बरीचशी घट गेल्या दोन वर्षांतली आहे. बी-१२ या वर्षी पहिल्यांदाच तपासले, ते १६८ निघाले. पाळी ५० व्या वर्षी गेली. वजन ५१ चे ५५ किलो झाले, म्हणजे फार वाढले नाही, पण कमरेचा घेर वाढला आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत आणि दूध चहापुरतेच घेतो.

घरात कोणालाही विचारले तरी ‘वयोमानानुसार एवढे होणारच’ हेच उत्तर मिळते. ते खरे असेल तर मी निमूटपणे मान्य करीन. परंतु यातले किती खरोखर वयाचे आहे आणि किती माझ्या बैठ्या दिनक्रमाचे, हे कसे ओळखायचे? दुसरे असे की माझ्या आईचे (वय ७९, वजन ४२ किलो) क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) ०.९ आहे आणि रिपोर्टवर ते नॉर्मल म्हणून छापले आहे. तिच्या बाबतीत निश्चिंत राहावे का?

प्रतिसाद १ : सूक्ष्मदर्शी

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुम्ही फाइल सांभाळली हे फार चांगले केले, कारण माणसाची खरी तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी करायची असते. रिपोर्टवर छापलेली मर्यादा साधारणपणे निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांवरून ठरवलेली असते, म्हणजे शंभरातली पाच निरोगी माणसेही तिच्या बाहेर पडतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून मर्यादेबाहेरचा म्हणून ठळक छापलेल्या एखाद्या आकड्याला घाबरू नये; मात्र सलग काही वर्षे एकाच दिशेने सरकणारा आकडा मर्यादेच्या आत असला तरी दुर्लक्षू नये.

आता तुमच्या आकड्यांकडे वळतो. एलडीएलच्या वाढीत रजोनिवृत्तीचा वाटा नक्की आहे, कारण रक्तातले एलडीएल उचलण्याच्या यकृताच्या कामाला इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची मदत होत असते आणि ते कमी झाले की ही पातळी चढते. कारण नैसर्गिक असले तरी रक्तवाहिन्यांवरचा परिणाम तोच राहतो, त्यामुळे त्याकडे पाहावेच लागेल. एचबीएवनसी मधुमेह नसलेल्यांमध्येही वयाबरोबर वाढते, पण दहा वर्षांत साधारण ०.१ इतकेच. तुमची वाढ ०.७ आहे, तेव्हा ती वयाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हिमोग्लोबिन. पाळी थांबल्यावर दर महिन्याचा रक्तस्राव थांबतो, त्यामुळे स्त्रीचे हिमोग्लोबिन खरे तर थोडे सुधारायला हवे. तुमचे उतरले आहे. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन अवश्य तपासा. लोह कमी निघाले तर केवळ गोळ्या घेऊन थांबू नका, कारण या वयात लोह कमी होण्यामागे जठरातून किंवा आतड्यातून नकळत होणारा रक्तस्राव असू शकतो आणि त्याचा शोध घ्यावाच लागतो. लाल पेशींचा सरासरी आकार नॉर्मल आहे म्हणून समाधान मानू नका. लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात, बी-१२ च्या कमतरतेने मोठ्या होतात आणि दोन्ही एकत्र असल्या की सरासरी नेमकी मधोमध येते.

या दोन्ही कमतरतांमुळे एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यावर साखर चिकटत जाते; नव्या पेशी कमी तयार होऊ लागल्या की रक्तात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते आणि आकडा फुगतो. म्हणून उपाशीपोटी एकदा आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी पुन्हा, अशी साखर तपासून घ्या.

आईंबद्दल सांगायचे तर क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, त्यामुळे कृश वृद्धांमध्ये मूत्रपिंडाचे काम मंदावले तरी ते नॉर्मल दिसते. तोच ०.९ हा आकडा २५ वर्षांच्या तरुणीचा असता तर सूत्राप्रमाणे मूत्रपिंडाची गाळण्याची गती ९० च्या आसपास आली असती. ७९ व्या वर्षी ती ६५ च्या आसपास येते. चाळिशीनंतर ही गती वर्षाला साधारण एकने घटते, त्यामुळे ६५ हा काही आजार नव्हे. परंतु ४२ किलो वजनाला तोही आकडा थोडा फुगलेला असण्याचा संभव आहे. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि शक्य असल्यास रक्तातले, स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेले सिस्टॅटिन-सी तपासून घ्या, आणि गुडघेदुखीसाठी वेदनाशामके चालू असतील तर ती डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण त्यांचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.

प्रतिसाद २ : ताटवाटी

मी आहारतज्ज्ञ आहे आणि पुण्यात काम करते. ‘वजन फार वाढले नाही’ या तुमच्या वाक्याशी मी थांबले. आपल्याकडे किरकोळ दिसणाऱ्या शरीरातही पोटाभोवती चरबी असते, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सातत्याने मांडले. त्यांचे आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. तेव्हा काट्यापेक्षा कमरेच्या टेपवर विश्वास ठेवा. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा धरतात.

बी-१२ कमी असण्याचे कारण तुमच्या ताटात आहे. पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीत ६७ टक्के जणांचे बी-१२ कमी निघाले आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. चहातल्या दुधाने ही गरज भागत नाही. गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टर ठरवतील, पण पुढे वाटीभर दही आणि पेलाभर दूध रोजच्या जेवणात कायमचे यायला हवे.

साखरेबाबत मात्र मला मनापासून आशा वाटते. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर झालेल्या अभ्यासात, नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार सुधारून रोज अर्धा तास भरभर चालण्यासाठी ज्यांचा सतत पाठपुरावा केला गेला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के राहिले. वय दोन्ही गटांचे सारखेच वाढत होते.

प्रतिसाद ३ : गडवाट

एक छोटा अनुभव नोंदवतो. सिंहगड चढून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तपासणीसाठी रक्त दिले आणि एसजीओटी (यकृताच्या तपासणीतले एक एन्झाइम) दुप्पट आले. घरात सगळे यकृताच्या काळजीत पडले. डॉक्टरांनी आदल्या दिवशी काय केले होते ते विचारले आणि दहा दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हा तपासायला सांगितले, तेव्हा आकडा पूर्ण नॉर्मल आला. हे एन्झाइम स्नायूंमध्येही असते. वर्षावर्षांची तुलना करायची असेल तर लॅब, वेळ आणि आदल्या दोन दिवसांचा दिनक्रम शक्यतो सारखा ठेवावा.

जुनी_वही

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तपासण्या झाल्या आहेत. फेरिटिन ७ आले, म्हणजे लोह संपल्यातच जमा आहे. ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर १५२ आहे, त्यामुळे एचबीएवनसी थोडे फुगलेले असले तरी साखरेचा प्रश्न खरा आहे, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. शाळेतून परतताना मी आता दोन थांबे अलीकडे उतरून चालत येते. आईची लघवीची तपासणी चांगली आली, पण ती गेली दोन वर्षे गुडघ्यांसाठी रोज एक गोळी घेत होती, हे विचारल्यावरच कळले. ती डॉक्टरांनी बंद केली आहे. लोहाची आणि बी-१२ ची औषधे माझी सुरू झाली आहेत आणि रक्त नेमके कुठून जाते ते पाहण्यासाठी पुढच्या बुधवारी एंडोस्कोपी व कोलोनोस्कोपी (जठराची व मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) ठरली आहे. निष्कर्ष येथेच कळवीन.