उत्तर: पेस्टच्या आधी पॉवर प्लॅन बघा

प्रश्न असा होता: विंडोज कॉम्प्युटरवर चिपसेट ड्रायव्हर (मदरबोर्डचे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर प्रोसेसरचं आयडल तापमान, म्हणजे काहीच चालू नसतानाचं, ३८ वरून ५२ अंशांवर गेलं. त्यावर वर सुचवलेला थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलण्याचा उपाय इथे पटत नाही. पेस्ट वाळली तर तापमान महिनोन्‌महिने हळूहळू चढतं आणि ते जास्त करून लोडवर, म्हणजे जड काम चालू असताना दिसतं. इथे ड्रायव्हर टाकल्या टाकल्या आयडल एकदम चढलं, म्हणजे प्रोसेसर झोपतच नाहीये. चिपसेट ड्रायव्हरच्या अपडेटनंतर पॉवर प्लॅन (विंडोजची वीज वापराची सेटिंग) बदललेला असू शकतो. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ (प्रोसेसरचा किमान वेग) १०० टक्के दिसला तर ५ करा. ‘हाय परफॉर्मन्स’ प्लॅनमध्ये तो १००च असतो.

ते ठीक असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाका) बघा. काहीच चालू नसताना ही ओळ सतत १-२ टक्क्यांच्या वर राहिली तर एखादा ड्रायव्हर प्रोसेसरच्या कोअरना (काम करणाऱ्या भागांना) सारखा उठवतोय. नेटवर्क, ऑडिओ, ग्राफिक्स या क्रमाने एकेक ड्रायव्हर जुन्या आवृत्तीवर न्या. डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक’ बटण फिकट असेल तर मागची आवृत्ती साठवलेलीच नाही, ती उत्पादकाच्या साइटवरून घ्यावी लागेल. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एनर्जी’ (powercfg /energy) चालवलं की ६० सेकंदांत अहवाल मिळतो. प्रोसेसरला ठरावीक वेळाने उठवणारा विंडोजचा टायमर कोण १ मिलिसेकंदावर धरून बसलंय तेही त्यात कळतं. ड्रायव्हरसोबत गुपचूप आलेलं आरजीबी (रंगीत) लाइटचं सॉफ्टवेअर तिथे सापडलं तर नवल नाही! आणि हो, तापमान मोजणारं ॲपही कोअर जागे ठेवतं. त्याचा मोजणीचा अवधी २ सेकंद तरी ठेवा, नाहीतर आकडा उगाच फुगलेला दिसेल.